बारावीनंतर फिल्ममेकिंगची पदवी घ्यावी का? एका संकलकाचं उत्तर

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीचा आहे. बारावी विज्ञान शाखेतून झाली आहे, फोनवर दोन-तीन छोट्या फिल्म केल्या आहेत. पुण्या-मुंबईकडच्या काही खासगी विद्यापीठांत फिल्ममेकिंगची पदवी मिळते, पण पूर्ण अभ्यासक्रमाची फी काही लाखांत जाते. वडील म्हणतात, आधी बीएस्सी कर, मग एफटीआयआयची, म्हणजे पुण्यातल्या सरकारी फिल्म संस्थेची, परीक्षा दे. काकांचं म्हणणं, सिनेमा काही कॉलेजात शिकून येत नाही, सरळ मुंबई गाठ आणि कुणाच्या तरी हाताखाली लाग. तिने विचारलंय, यातलं कुणाचं ऐकू?

मी बावीस वर्षं संकलनाचं काम करतोय आणि त्यातली अकरा वर्षं पदवीच्या मुलांना संकलन शिकवतोय. त्यामुळे हे उत्तर एडिट टेबलावरून दिलेलं आहे. दिग्दर्शक किंवा कॅमेरामन कदाचित वेगळ्या गोष्टींवर जोर देईल.

आधी थेट उत्तर. पदवीला जा, पण अशाच ठिकाणी जा जिथे तीन वर्षांत तुझ्या हातून निदान आठ-दहा फिल्म पूर्ण होतील. दोन-तीन मिनिटांच्या असल्या तरी चालतील. आणि त्यातली प्रत्येक फिल्म सगळ्या वर्गासमोर मोठ्या पडद्यावर लागली पाहिजे. असं ठिकाण सापडलं नाही किंवा परवडत नसेल, तर वडील सांगतात तो रस्ता उत्तम आहे. काकांचा रस्ता आत्ता नको. त्याचं कारण पुढे सांगतो, कारण काकांच्या बोलण्यातही तथ्य आहे.

‘पूर्ण’ या शब्दावर मी अडून बसतो. मुलं शूट भरपूर करतात. हार्डडिस्क भरतात. मग परीक्षा येते, दिवाळी येते आणि ते फुटेज तसंच पडून राहतं. शूटच्या वेळी आपल्याला काय करायचं होतं ते डोक्यात ताजं असतं, त्यामुळे प्रत्येक शॉट चांगलाच वाटतो. टेबलावर बसलं की डोक्यातलं काही उपयोगी पडत नाही, पडद्यावर जे आहे तेवढंच हाताशी असतं. रफ कट म्हणजे कच्ची जुळणी, फाइन कट म्हणजे तिची बारीक सफाई, पिक्चर लॉक म्हणजे यापुढे चित्र बदलायचं नाही असं ठरणं, मग साउंड, मिक्सिंग, टायटल्स, सबटायटल्स आणि शेवटी अनोळखी माणसांसमोर स्क्रीनिंग. या वाटेने एकदा पूर्ण गेलं की पुढच्या शूटला माणूस वेगळाच वागतो. कॅमेरा कुठे ठेवायचा हे त्याला टेबलावर कळलेलं असतं.

एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला एक मुलगी होती, तुझ्याच भागातली. व्यायाम असा होता: घरातलं एक काम, संवाद नाही, दहा शॉट, तीन मिनिटं. तिने आजीचं भाकरी करणं घेतलं. चित्र सुंदर होतं. पहाटेचा उजेड खिडकीतून काटवटीवर पडलेला, आजीच्या हाताला लागलेलं पीठ, चुलीतला आर. वर्गात फिल्म लावली आणि दुसऱ्याच मिनिटाला मुलं खुर्चीत हलायला लागली. तिला वाटलं, विषयच कंटाळवाणा निवडला.

मी तिला डोळे मिटून फिल्म ऐकायला लावली. सगळ्या शॉटखाली शेजारच्या पाण्याच्या मोटारीची घरघर होती. एका शॉटमध्ये मोटार चालू, पुढच्यात बंद, त्याच्या पुढच्यात पुन्हा चालू. प्रत्येक कटला कानाला ठेच लागत होती, म्हणून डोळेही टिकत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली तेव्हा मोटार बंद करवून फक्त आवाज रेकॉर्ड करून आणले. पीठ मळतानाचा ओला आवाज, थापण्याचा, बांगड्यांचा, तव्यावर पाणी फिरवल्यावर होतो तो चर्र, आणि स्वयंपाकघरातली नुसती शांतता एक मिनिटभर. चित्रातला एकही शॉट नवा नव्हता.

मग आम्ही टेबलावर बसलो. भाकरी आरावर फुगते त्या शॉटवर ती जरा उशिरा कट करत होती. फुगून झाल्यावर. मी कट सहा फ्रेम आधी घेतला. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंद. भाकरी फुगत असतानाच आपण आजीच्या चेहऱ्यावर जातो आणि उरलेलं फुगणं तिच्या नजरेत दिसतं. दुसऱ्यांदा फिल्म लागली तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. त्या मुलीने तीन वर्षांत अकरा फिल्म पूर्ण केल्या आणि आज ती सिंक साउंडचं, म्हणजे शूट चालू असतानाच आवाज रेकॉर्ड करायचं, काम करते.

आता काकांचं म्हणणं. सिनेमा हाताखाली राहून शिकता येतो हे आपल्याच मातीत सिद्ध झालंय. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल तयार झाले. तिथे नट, रंगकाम, कॅमेरा, झाडलोट, सगळ्यांनी सगळं केलं. त्यातूनच १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. पण ती कंपनी होती. माणसं महिन्याच्या पगारावर वर्षानुवर्षं एकत्र राहायची, एक चित्रपट संपला की तीच माणसं दुसऱ्याला हात घालायची. चुकलेलं दुरुस्त करायची संधी त्याच उस्तादाकडे, त्याच आवारात मिळायची. आजचं युनिट पॅकअप झालं की विखुरतं. अठराव्या वर्षी ओळखीपाळखीशिवाय गेलेल्या मुलीला सेटवर वॉकीटॉकी मिळेल, कॉलशीट, म्हणजे कुणी किती वाजता हजर राहायचं त्याचा कागद, वाटायचं काम मिळेल, बारा-चौदा तासांची शिफ्ट मिळेल. सेटची शिस्त ती नक्की शिकेल. पण हा शॉट इथूनच का घेतला, हे सांगायला कुणाला तिथे वेळ नसतो. दोन वर्षं शिकून गेलीस, तर तेच काम करताना तुला सगळं दिसायला लागेल. म्हणून काकांना सांग, तुमचा सल्ला ऐकणार आहे, पण तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात.

वडिलांच्या सल्ल्याबद्दल थोडं तपशिलात सांगतो, कारण याबाबत फार अर्धवट माहिती फिरते. पुण्यातली एफटीआयआय १९६० मध्ये प्रभातच्याच आवारात सुरू झाली. तिथले दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी हे तीन वर्षांचे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. बारावीवर तिथे जाता येत नाही. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेतही मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. पदवी कुठल्या शाखेची याने बहुतेक ठिकाणी फरक पडत नाही, पण दोन अपवाद आहेत आणि ते मुलांना उशिरा कळतात. ध्वनीला बारावीत भौतिकशास्त्र असावं लागतं. कला दिग्दर्शनाला चित्रकला, उपयोजित कला, वास्तुकला अशा प्रकारची पदवी किंवा त्या तोडीची पदविका लागते. तू विज्ञानाची आहेस, म्हणजे ध्वनीचा दरवाजा तुला उघडा आहे आणि तुझ्या बरोबरीच्या कला शाखेतल्या बऱ्याच मुलांना तो बंद आहे. ही गोष्ट हलकी समजू नकोस. अर्ज भरशील त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र स्वतः ओळ न् ओळ वाच.

याचा उलटा अर्थही ध्यानात घे. पुढे एफटीआयआयला जायचं असेल तर आत्ताची पदवी मान्यताप्राप्त हवी. काही खासगी संस्था स्वतःची पदविका देतात आणि सोबत दुसऱ्याच कुठल्या तरी विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी जोडून देतात. जाहिरातीत हे सगळं ‘डिग्री’ म्हणूनच छापलेलं असतं. पदवी नेमकी कुठलं विद्यापीठ देणार, ते यूजीसीच्या यादीत आहे का, हे आधी बघ. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता चार वर्षांची ऑनर्स पदवीही आली आहे, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडायची मुभा आहे. चौथं वर्ष घ्यायचं की नाही याची माझी एकच कसोटी: त्या वर्षात संस्थेच्या साधनांवर एक मोठी फिल्म करायला मिळणार असेल तर थांब. नुसता प्रबंध लिहायचा असेल तर ते वर्ष आणि त्याची फी वाचव.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा प्रवेश मेळाव्याच्या दिवशी जाऊ नकोस. त्या दिवशी सगळे कॅमेरे टेबलावर मांडलेले असतात. साध्या कामाच्या दिवशी जा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठ आणि विचार, शेवटचा कॅमेरा तुमच्या हातात कधी आला होता? साधनं कुणी कधी नेली त्याचं इश्यू रजिस्टर कोण सांभाळतं? शनिवारी-रविवारी साधनं मिळतात का? एडिटिंगची खोली रात्री किती वाजता बंद होते? साठ मुलांमागे दोन किट असतील, तर माहितीपत्रकात कॅमेऱ्याचं नाव कितीही भारी असो, तुझ्या वाट्याला तो सत्रातून एकदा येईल. साधा कॅमेरा दर आठवड्याला हातात येणं मला त्याहून कितीतरी मोलाचं वाटतं.

मग मागच्या वर्षीच्या अंतिम फिल्म बघायला माग. शोरील, म्हणजे निवडक तुकड्यांची झलक, दाखवतील, ती बघू नकोस, ती माझ्यासारख्या माणसाने दोन मिनिटांत चमकवलेली असते. पूर्ण फिल्म बघ. पाचेक मिनिटं डोळे मिटून ऐक. संवाद घुमत असतील, दोन माणसं एकाच खोलीत बसून दोन वेगळ्या खोल्यांत बसल्यासारखी ऐकू येत असतील, तर त्या ठिकाणी ध्वनी शिकवणारं कुणी नाही असं समज. मी पाहिलेल्या पदवी अभ्यासक्रमांत सगळ्यात दुबळी बाजू हीच असते. कॅमेऱ्यावर पैसे खर्च होतात, माइकवर होत नाहीत.

खर्चाचा प्रश्न लेखी विचार. फीमध्ये फिल्मचा खर्च धरला आहे का? बऱ्याच ठिकाणी नसतो. लोकेशन, प्रवास, युनिटचं जेवण, कपडे-सामान, लाइटमनचे पैसे, जनरेटर, हे सगळं मुलांच्या खिशातून जातं आणि शेवटच्या वर्षी वडिलांना पुन्हा फोन करायची वेळ येते. माझ्या एका विद्यार्थ्याने शेवटच्या फिल्मसाठी मोटरसायकल विकली होती आणि मला ते फिल्म लागल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी त्याला ती फिल्म एका घरात, चार माणसांत, दिवसाउजेडी करायला लावली असती. ती तशी होण्यासारखी होती. फिल्मचे हक्क कुणाकडे राहतात, महोत्सवांना कोण पाठवणार आणि प्रवेशशुल्क कोण भरणार, हेही त्याच पत्रात विचारून घे.

शिक्षकांबद्दल एवढंच बघ की पूर्णवेळ कोण आहे. मोठ्या नावाचे पाहुणे वर्षातून दोनदा येतात, फोटो काढतात, मुलं खूश होतात. पण तुझा तिसरा रफ कट मंगळवारी दुपारी शेजारी बसून बघणारा माणूस वेगळा असतो, आणि तो तिथे नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

आता एक गोष्ट, जी मी दर वर्षी मुलांना सांगतो. पूर्वी फिल्मवर शूट व्हायचं तेव्हा ३५ एमएमचा हजार फुटांचा डबा साधारण अकरा मिनिटं चालायचा. डबा महाग, धुलाई महाग. कॅमेरा चालू करण्याआधी सगळी तालीम झालेली असायची. आता फोन थांबतच नाही, म्हणून मुलं विचार करायचं काम एडिटरवर ढकलतात. चांगला अभ्यासक्रम ही मर्यादा मुद्दाम परत आणतो. दहा शॉट, प्रत्येकाचे दोनच टेक, डिलीट करायचं नाही. कॉलेजला विचार, तुमच्या व्यायामांना अशी काही बंधनं आहेत का? ‘मुलांना पूर्ण मोकळीक देतो’ असं उत्तर आलं तर मला ते काळजीचं वाटेल.

तसाच आणखी एक जुना व्यायाम. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट करण्याआधी कुंडीत वाटाण्याचं बी लावून त्याच्या वाढीचं रोज थोडं थोडं चित्रण केलं होतं. पैसे लावणाऱ्याला पटवायला ती छोटी फिल्म कामी आली. त्याआधी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, छायाचित्रण, छपाई सगळं हाताखालून घातलं होतं. ती कुंडी आम्ही आजही पहिल्या वर्षाला देतो. कॅमेरा हलवायचा नाही, उजेड बदलू द्यायचा नाही, तीन आठवडे रोज त्याच वेळी हजर राहायचं. एकाही मुलाला हा व्यायाम पहिल्या खेपेला जमलेला मी पाहिलेला नाही. कुणी तरी कुंडी हलवतंच, बहुतेक वेळा आईच.

मोठ्या शहरातलं मोठं नाव असल्याशिवाय काही होत नाही, हे मनातून काढून टाक. नागराज मंजुळे मराठीत एमए करून अहमदनगरला संज्ञापन (कम्युनिकेशन) शिकायला गेले आणि तिथे अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कोर्ट’चे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे मुंबईत इंग्रजी साहित्य शिकले. २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात पहिला आलेला चिदानंद नाईक मैसूरचा डॉक्टर आहे आणि ती फिल्म त्याने एफटीआयआयच्या एका वर्षाच्या टीव्ही अभ्यासक्रमात केली. तिघांकडे सिनेमाच्या बाहेरचं काहीतरी भरपूर होतं. म्हणून पदवीचा अभ्यासक्रम बघताना त्यात साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, नाटक यांना जागा आहे का ते बघ. पहिल्या दिवसापासून नुसती सॉफ्टवेअर शिकवणारी जागा तुला दोन वर्षांत ऑपरेटर बनवेल. सॉफ्टवेअर तू घरीही शिकशील.

भाषेचं सांगायलाच हवं. पुस्तकं इंग्रजीत असतात, सॉफ्टवेअर इंग्रजीत, खासगी विद्यापीठात वर्गही बहुतेक इंग्रजीतच. पहिलं सत्र जड जाईल. शब्द शिकून घे, त्याला पर्याय नाही. पण पटकथा तुझ्या बोलीतच लिही. मराठवाड्यातून आलेली मुलं लाजेने पात्रांच्या तोंडी हिंदी घालतात, किंवा पुस्तकी पुणेरी मराठी, आणि मग ती पात्रं पडद्यावर उभीच राहत नाहीत. तुझ्या गावात बाई शेजारणीला हाक कशी मारते, चिडल्यावर वाक्य कुठे तोडते, हे तुझ्या वर्गातल्या इतर कुणालाही माहीत नसेल. सबटायटलची सोय आहेच.

पैशांबद्दल वडिलांशी मोकळेपणाने बोल. इंजिनिअरिंगसारखी कॅम्पस भरती इथे नसते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं कमाई कमी आणि अनियमित असते. साधारण आधी काम मिळतं ते असिस्टंट एडिटरला, साउंड असिस्टंटला, मालिकांच्या एडिटला, लग्नाच्या आणि कंपन्यांच्या फिल्मना. दिग्दर्शनाचं काम कुणी देत नाही, ते स्वतः उभं करावं लागतं. म्हणून दिग्दर्शन शिकायचंच असेल तरी एक हातचं कौशल्य पक्कं कर, संकलन किंवा ध्वनी. शैक्षणिक कर्ज घेतलं तर शिक्षण संपल्यावर काही काळाने हप्ते सुरू होतात. तो हप्ता सिनेमाबाहेरच्या एखाद्या साध्या नोकरीतूनही भरता येईल इतकंच कर्ज काढा. शेत विकू नका. हे मी तुझ्या वडिलांना समोर बसूनही सांगेन.

त्यांची दुसरी काळजी मी गृहीत धरतो, ती रात्रीच्या शूटची. ती खरी आहे. हॉस्टेलची वेळ आणि शूटची वेळ यांचा मेळ कसा घालतात, रात्री परतायला गाडी कोण देतं, बाहेरगावच्या शूटला शिक्षक सोबत असतो का, हे आईवडिलांनी स्वतः विचारावं. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली दिसतात का ते बघा. नावं विचारल्यावर कार्यालयात शोधाशोध सुरू झाली, तर तिथून निघा.

प्रवेशाला अजून काही आठवडे असतील तर एक काम कर. दहा शॉटची, संवाद नसलेली, तीन मिनिटांची फिल्म. आवाज दुसऱ्या फोनवर वेगळा घे, प्रत्येक टेकला टाळी वाजव म्हणजे जुळवता येईल. आहे त्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर एडिट कर. गावच्या शाळेत प्रोजेक्टर असेलच, सरांना विचार, पंधरा-वीस माणसं बोलाव. फिल्म लागली की पडद्याकडे बघू नकोस, मागे उभी राहून माणसांकडे बघ. कुठल्या सेकंदाला पहिला मोबाइल बाहेर येतो ते लिहून ठेव. घरी येऊन तो भाग पुन्हा काप.

मग ती फिल्म पेनड्राइव्हवर घेऊन कॉलेज बघायला जा आणि तिथल्या संकलनाच्या किंवा ध्वनीच्या शिक्षकाला दाखव. त्यांनी ती शेवटपर्यंत बघितली आणि मागे जाऊन एखाद्या कटवर थांबून तुला काही विचारलं, तर वडिलांना आत बोलाव आणि फीबद्दल बोलायला बसा.